बॉलिंगचा बॉल कुठल्या कंपनीचा घ्यावा? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बॉलिंगवर (क्रिकेटचं नव्हे, लाकडी पट्टीवरून म्हणजे लेनवरून जड बॉल सोडून समोरच्या दहा पिना पाडायच्या त्या खेळावर) जरा लिहिलं आणि म्हटलं होतं की सामानाबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, तर बरेच प्रश्न आले. बहुतेक सगळे फिरून बॉलवरच येतात. जमतील तेवढे घेतोय, दोनतीन सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, मॉलमध्ये मित्रांबरोबर बॉलिंगला जायला लागला आणि आता त्याला स्वतःचा बॉल हवाय. ऑनलाइन बघितलं तर ब्रन्सविक, हॅमर, एबोनाइट, ट्रॅक, स्टॉर्म, रोटो ग्रिप, मोटिव्ह अशी नावंच नावं. यातली सगळ्यात चांगली कंपनी कुठली? – एक वाचिका, पुणे

ताई, तुम्ही जी सात नावं लिहिलीत ना, ती सात कंपन्या नाहीयेत, फक्त तीन आहेत. ब्रन्सविक, हॅमर, एबोनाइट आणि ट्रॅक हे चारही एकाच घरचे, आणि त्याच घरात कोलंबिया ३००, डीव्हीएट आणि रॅडिकल पण आहेत. स्टॉर्म आणि रोटो ग्रिप एक घर, त्यात २०२० मध्ये ९०० ग्लोबल पण आलं. मोटिव्ह तेवढी स्वतंत्र, मिशिगनमधल्या स्प्रिंग लेक गावची. म्हणजे दुकानात रॅक भरून नावं दिसत असली तरी बॉल साच्यात ओतून बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच उरलेत, आणि हे सगळं गेल्या पंधरावीस वर्षांत झालंय.

एबोनाइटचंच बघा. १९०५ पासूनची कंपनी, मॅसॅच्युसेट्समध्ये रबराच्या वस्तू करणारी, पुढे केंटकीतल्या हॉपकिन्सव्हिलला गेली आणि तिथे अख्ख्या गावाची ओळख झाली. तिने स्वतःच हॅमर, ट्रॅक घेतले, २००७ मध्ये सॅन अँटोनियोची कोलंबिया ३०० घेतली, आणि मग नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रन्सविकने या सगळ्यांसकट एबोनाइटलाच घेतलं आणि हॉपकिन्सव्हिलचा कारखाना बंद केला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण वेगळ्या ठिकाणचे केमिस्ट वेगळ्या वाटांनी विचार करत होते ते थांबलं, आणि त्या गावात वर्षानुवर्षं बॉल ओतणारे, घासणारे जे लोक होते त्यांचं हातातलं कसब बाकी कुठेच वापरता येण्यासारखं नाही.

आता तुमचा प्रश्न. कंपनी बघू नका, आधी भोकं पाडणारा बघा. हे मी अगदी ठासून सांगतोय. बॉल नवा येतो तेव्हा त्याला भोकंच नसतात, गुळगुळीत गोळा असतो, आणि खेळणाऱ्याचा हात मोजून, अंगठ्यापासून बोटांचं अंतर, बोटांची जाडी, भोकाचा तिरकेपणा, हे सगळं बघून ती पाडतात. हे नीट झालं तर साधा बॉलसुद्धा हातातून सुरेख सुटतो, आणि चुकलं तर सगळ्यात महागडा बॉलही मुलगा आवळून धरणार, अंगठा सोलवटणार, मनगट दुखवून घेणार. म्हणून तुमच्या शहरात किंवा जवळपास ड्रिलिंग कोण चांगलं करतं हे आधी तिथे नियमित खेळणाऱ्यांना विचारा, आणि तो माणूस जो बॉल सुचवेल त्यातला मधल्या किमतीचा घ्या. ऑनलाइन स्वस्त मिळाला म्हणून आधी बॉल मागवून नंतर ड्रिलर शोधत हिंडू नका.

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो, आमच्याकडे जुने लोक सांगतात की मस्केगॉनला ब्रन्सविकचा मोठा कारखाना होता. मग आता बॉलवर मेक्सिको का लिहिलेलं असतं? – एक वाचक, ग्रँड रॅपिड्स

जुने लोक बरोबर सांगतायत. ब्रन्सविक ही कंपनी मुळात बॉलिंगची नाहीच. जॉन मोझेस ब्रन्सविक नावाचा स्वित्झर्लंडहून आलेला माणूस, सिनसिनाटीत घोडागाड्या बनवायचा, त्याने १८४५ मध्ये बिलियर्डची टेबलं करायला घेतली. नंतर बॉलिंगचं सामान सुरू झालं. त्या काळात बॉल लाकडाचे असायचे, लिग्नम व्हायटी नावाचं कॅरिबियन भागातलं अतिशय जड आणि टणक लाकूड. १९०५ मध्ये एव्हरट्रू नावाचा कडक रबराचा बॉल आला, आणि मग ब्रन्सविकने मिनरलाइट नावाने आपला रबरी बॉल असा काही खपवला की लाकूड मागेच पडलं. मस्केगॉनचा कारखाना १९०६ चा. तिथे शंभर वर्षं काम चाललं आणि २००६ मध्ये बॉल ओतायचं काम मेक्सिकोतल्या रेनोसाला नेलं. ऑफिस अजून मस्केगॉनलाच आहे. आणि गंमत वाटेल पण मूळची ब्रन्सविक कॉर्पोरेशन, जी आज बोटी आणि मर्क्युरी इंजिनं बनवते, तिचा बॉलिंगशी संबंधच उरला नाहीये. २०१४ मध्ये त्यांनी आपली बॉलिंग सेंटर्स विकली, २०१५ मध्ये सामान बनवायचा धंदा पण विकला. बॉलवरचं नाव तेवढं जुनं राहिलं.

हे का झालं असं विचाराल तर लीग, म्हणजे टीम करून ठरलेल्या दिवशी नियमित खेळायच्या स्पर्धा, आटल्या. अमेरिकेत १९८० च्या आगेमागे लीग खेळणारे नोंदलेले मेंबर नव्वद लाखांवर होते, आता दहा लाखांच्या आसपास असतील. वाढदिवसाला येऊन दोन गेम खेळणारी माणसं अजूनही भरपूर आहेत, पण ती बॉल विकत घेत नाहीत, सेंटरचाच वापरतात. बॉल घेतो तो लीगवाला, आणि एकच नाही, त्याच्या बॅगेत तीनतीन सहासहा असतात. म्हणजे गिऱ्हाईक थोडं पण पुन्हापुन्हा घेणारं, म्हणून कंपन्या दर महिन्यादोन महिन्यांनी नवीन मॉडेल काढतात, आणि त्यातली बरीचशी आधीच्याच बॉलमध्ये थोडा फरक करून काढलेली असतात.

प्रश्न : बॉलच्या आत नक्की काय असतं? इंजिनीअर आहे, जरा सविस्तर सांगा. आणि मॉलमधला बॉल कितीही मनगट फिरवलं तरी सरळच का जातो? – एक वाचक, ठाणे (नाशिकच्या एका वाचकाचाही हाच प्रश्न)

सविस्तरच सांगतो, कारण या धंद्यातली खरी मजा इथे आहे.

बाहेरून एकसंध दिसतो पण आत दोन किंवा तीन थर असतात. मधे कोअर, म्हणजे जड गाभा. रेझिनमध्ये जड खनिज पावडर मिसळून तो साच्यात ओततात, आणि त्याचा आकार गोल नसतो, बल्बसारखा, लंबगोल, कधी एका बाजूला फुगवटा असलेला असा काहीतरी असतो. तो साच्यात एका खुंटीवर उभा करून त्याच्याभोवती भरावाचा थर ओततात, आणि ती खुंटी काढल्यावर राहिलेलं भोक रंगीत रेझिनने बुजवतात. बॉलवर तो छोटा रंगीत ठिपका दिसतो ना, त्यालाही पिनच म्हणतात (पाडायच्या पिना वेगळ्या), गाभ्याचं टोक कुठे आहे ते त्यावरून कळतं आणि ड्रिलर त्याच्याच हिशोबाने भोकांची जागा ठरवतो. मग सगळ्यात बाहेर कव्हर, साधारण बोटभर जाडीचा थर. मग लेथवर गोल काढायचा, घासायचा, नाव कोरून रंग भरायचा, पॉलिश करायचं.

नियमाने बॉल १६ पौंडांपेक्षा म्हणजे ७.२६ किलोपेक्षा जड चालत नाही आणि व्यास साडेआठ इंचांच्या आसपास. सहा पौंडांचा असो की सोळाचा, आकार तोच, म्हणजे हलका बॉल करायचा तर आतली घनता कमी करावी लागते, भरावात हलकं मिश्रण घालावं लागतं. म्हणूनच हलक्या वजनात, बाराच्या खाली वगैरे, पुष्कळदा तो जाहिरातीतला खास गाभा नसतोच, साधा गाभा असतो. मुलांसाठी घेताना हे आधी विचारून घ्या, कारण नाव आणि किंमत दोन्ही तीच असते.

आता वळण्याचं. लेन फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना जी ओलांडायची नसते त्या रेघेपासून, पाडायच्या पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, आणि त्यातल्या सुरुवातीच्या चाळीसेक फुटांवर तेल लावलेलं असतं, पुढे कोरडं. बॉल तेलावर घसरत जातो, हाताने दिलेली फिरकी तशीच राहते, आणि कोरड्या भागात कव्हरने लेनला पकडलं की तो वळतो. पकडलंच नाही तर वळणार कशाने? मॉलमधले बॉल पॉलिस्टरचे असतात, आपण ज्याला प्लॅस्टिक बॉल म्हणतो ते, कडक गुळगुळीत कव्हर आणि आत बशीसारखा चपटा गाभा. शिवाय भोकं सगळ्या जगाला बसतील अशी मोठी. तेव्हा नाशिकच्या दादांना सांगतो, तुमच्या मनगटात काही कमी नाहीये.

कव्हरचा इतिहास म्हणजेच या धंद्याचा इतिहास आहे. लाकूड, मग रबर, मग साठसत्तरच्या दशकात पॉलिस्टर, १९८० च्या सुमारास युरेथेन आलं, एएमएफ कंपनीचा अँगल नावाचा बॉल त्यातला, आणि १९९० च्या दशकाच्या तोंडावर रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन. हे शेवटचं खरं क्रांतिकारक. युरेथेनमध्ये असं एक द्रव्य मिसळायचं की जे बाकीच्यांशी रासायनिकरीत्या जोडलंच जात नाही, त्यामुळे कव्हर घट्ट झाल्यावर त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात, आणि ती छिद्रं लेनवरचं तेल पिऊन टाकतात. तेल बॉलमध्ये गेलं की पृष्ठभाग लेनला भिडतो, आणि बॉल शेवटी असा सणकून वळतो की बघत राहावं. पिनांच्या खाचेत, म्हणजे पहिल्या आणि तिच्या बाजूच्या पिनेमधल्या फटीत, साधारण ६ अंशांच्या कोनात शिरला तर स्ट्राइकची, म्हणजे एकाच फेकीत दहाही पिना पडण्याची, शक्यता सगळ्यात जास्त, आणि सरळ टाकलेल्या बॉलला तेवढा कोन मिळूच शकत नाही. रिअ‍ॅक्टिव्ह आल्यावर स्कोअर भराभरा वर गेले ते यामुळे.

जाहिरातीत मात्र सगळा भर गाभ्यावर, कारण गाभ्याचं रंगीत चित्र छान काढता येतं, कव्हरचं काय चित्र काढणार. पण अमेरिकेतली नियामक संस्था यूएसबीसी, तिने २००५ नंतर काही वर्षं यंत्राने बॉल टाकून मोठा अभ्यास केला, त्यात बॉलच्या हालचालीवर सगळ्यात जास्त परिणाम कव्हरच्या गोष्टींचा निघाला, पृष्ठभाग किती खरबरीत आहे, घर्षण किती, तेल किती पितो. गाभा त्याच्या मागे. मी तर म्हणेन की एकच बॉल ५०० नंबरच्या खरबरीत पॅडने घासून आणि मग ४००० च्या बारीक पॅडने घासून टाकून बघा, दोन वेगळे बॉल वाटतील, आणि नवीन बॉलचे पैसे वाचतील.

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीत लीग खेळतो. त्याचा जांभळा हॅमर नॅशनल टुर्नामेंटला चालत नाही म्हणाला. कंपनीचा अधिकृत बॉल असून बंदी कशी? – एक वाचिका, डोंबिवली

ही फार मोठी भानगड झाली होती आणि तिचं मूळ १९७३ मध्ये आहे.

डॉन मॅकक्यून नावाचा प्रोफेशनल, त्याने प्लॅस्टिकचा बॉल बादलीत एका सॉल्व्हंटमध्ये, मिथाइल इथाइल कीटोनमध्ये बुडवून ठेवला. कव्हर मऊ पडलं, मऊ कव्हर लेनला जास्त धरतं, आणि त्या एका वर्षात त्याने सहा स्पर्धा जिंकल्या आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू झाला. तेव्हा हे नियमाविरुद्ध नव्हतं. बाकीच्यांनीही मग बादल्या आणल्या, आणि ते रसायन भसकन पेट घेणारं, वास डोक्यात जाणारा, हॉटेलच्या खोल्यांमध्ये हे उद्योग चालायचे. (कृपा करून कोणी घरी करून बघू नका.) त्यातून कडकपणाचा नियम आला. ड्युरोमीटर नावाचं एक छोटं यंत्र असतं, त्याची सुई बॉलवर दाबून आकडा बघतात. किमान ७२ हवा असं ठरलं, आणि नव्याने मंजुरीला येणाऱ्या बॉलना पुढे ते ७३ केलं.

तुमच्या भाच्याचा बॉल युरेथेनचा. २०२२ मध्ये यूएसबीसीने सांगितलं की २०१६ आणि २०१७ मध्ये बनलेले जांभळे हॅमर तपासणीत मऊ निघतायत, तेव्हा त्या दोन वर्षांचे बॉल नॅशनल टुर्नामेंटला चालणार नाहीत. त्याच वर्षी स्टॉर्मचा स्पेक्टर हा बॉल तर मंजूर यादीतूनच काढला आणि त्याच घरच्या आणखी सहा बॉलना नॅशनल टुर्नामेंटपुरती बंदी घातली. बनवल्याची तारीख बॉलवरच्या सीरियल नंबरवरून कळते, भाच्याला तो बघायला सांगा, नंतरच्या वर्षाचा असेल तर २०२२ ची ही बंदी त्याला लागू नाही.

माझं मत स्पष्ट आहे, नियम बरोबर आहे पण तपासणी फार उशिरा झाली. कंपनी नमुने पाठवते, ते पास होतात, मग कारखान्यात हजारो बॉल ओतले जातात आणि रसायनाच्या एका लॉटमध्ये थोडा फरक पडला, थंडगरम कमीजास्त झालं, की कडकपणा एखाददोन आकड्यांनी हलतो. मोजणाऱ्या यंत्रायंत्रातही थोडा फरक असतो. म्हणून बाजारातून बॉल उचलून तपासायला हवेत, आणि लोकांनी वर्षानुवर्षं वापरल्यावर नाही, पहिल्या काही महिन्यांतच. यात खेळाडूचा काही दोष नसतो, त्याने मंजूर यादी बघून पैसे मोजलेले असतात, ड्रिलिंगचे वेगळे मोजलेले असतात, आणि भोकं पाडलेला बॉल दुसऱ्या कोणाच्या हाताला बसत पण नाही. २०१६ मध्ये मोटिव्हच्या जॅकल आणि जॅकल कार्नेजचं असंच झालं होतं, तिथे कडकपणा नाही तर गाभ्याचं गणित नियमाबाहेर गेलं होतं. बॉल वेगवेगळ्या अक्षांवर किती सहज फिरतो याचे आकडे काढतात, त्यांच्यातला फरक ०.०६० इंचांपेक्षा जास्त चालत नाही, आणि तो किंचित जास्त निघाला. किंचितच, पण मंजुरी गेली.

प्रश्न : बॉल गाडीच्या डिकीत ठेवला तर चालतो का? आधी छान वळायचा, आता वळत नाही. – एक वाचक, नागपूर

नागपूरच्या उन्हात? अजिबात ठेवू नका. तापतो, मग रात्री गार होतो, आतला गाभा आणि बाहेरचं कव्हर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आकसतात आणि तडा जातो, बहुतेक वेळा दोन बोटांच्या भोकांमधल्या पट्टीतून सुरू होतो. तापलेल्या बॉलमधून तेल पण पाझरतं.

वळत नाही याचं कारण तेलच. जी छिद्रं तेल पितात तीच भरून गेली की बॉल मेल्यासारखा होतो. प्रत्येक वेळी टाकायच्या आधी मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने पुसा, खेळ संपला की लगेच, बॉल कोमट असतानाच, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. (स्पर्धेत खेळत असाल तर २०१९ पासून खेळ चालू असताना लिक्विड लावायला यूएसबीसीच्या नियमात बंदी आहे, फक्त कोरडं फडकं.) आणि एवढं तेल बसलंच असेल तर भोकांवर चिकटपट्टी लावून हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्याच्या बादलीत भांड्यांचा साबण घालून वीसेक मिनिटं ठेवा, पाण्यावर तवंग आलेला दिसेल. बाहेर काढून लगेच पुसून कोरडा करा. उकळतं पाणी नको, ओव्हन तर नकोच नको. मग पॅडने पुन्हा घासून घ्यावा लागेल. पहिल्यासारखा शंभर टक्के होईल असं सांगत नाही, पण बराच सुधारतो.

प्रश्न : काकांचा जुना बॉल मिळालाय, वापरता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

येईल, भोकं रेझिनने बुजवून तुमच्या मापाने पुन्हा पाडून घ्यायची. काकांच्याच भोकात बोटं घालून खेळू नका. प्लॅस्टिकचा असेल तर उत्तमच, एकच उभी राहिलेली पिन पाडायला सरळ जाणारा बॉल सगळ्यांनाच लागतो, मोठमोठे प्रोफेशनलसुद्धा बॅगेत एक प्लॅस्टिक ठेवतात.

प्रश्न : वजन किती घ्यावं? ऑफिसमधले म्हणतात जेवढा जड तेवढं चांगलं. – एक वाचिका, पणजी

नाही. शेवटच्या गेमलाही पहिल्यासारखा सहज फेकता येईल तेवढाच जड. आपल्या मापाने भोकं पाडलेला बॉल मॉलच्या बॉलपेक्षा हातात हलका वाटतो, तेव्हा मॉलमध्ये १० चा जमत असेल तर स्वतःचा ११ किंवा १२ चा जमू शकेल, पण हातात धरून ठरवा, ऑफिसमधल्यांचं ऐकून नको.

प्रश्न : सेकंडहँड बॉल घेतला, त्याला चार भोकं आहेत. बोटं तीन, मग चौथं कशाला? – एक वाचक, बंगळुरू

ते बॅलन्स होल. ड्रिलिंग केल्यावर एका बाजूचं वजन कमी करायला किंवा बॉलचं वळणं बदलायला पूर्वी एक जास्तीचं भोक पाडायचे, ड्रिलर लोक त्यात तासन्‌तास डोकं घालायचे. १ ऑगस्ट २०२० पासून यूएसबीसीने ते बंद केलं, आता जे भोक आहे त्यात टाकताना बोट असलंच पाहिजे. त्यामुळे दोन हातांनी टाकणारे, अंगठा न घालणारे, त्यांच्या बॉलला अंगठ्याचं भोकच नसतं. तुम्ही मजेसाठी खेळत असाल तर राहू द्या, काही बिघडत नाही. स्पर्धेत उतरायचं असेल तर ते बुजवून घ्या, आणि बुजवल्यावर बॉल पुन्हा वजनकाट्यावर तोलून घ्या, कारण ते भोक मुळात ज्या कारणासाठी पाडलं होतं ते वजन आता परत आलेलं असतं, आणि दोन बाजूंमधला फरक ३ औंसांच्या आत बसायला हवा.